गाळाचा ठाव

पावसाळा सुरू झाला की यवतमाळच्या वर्तमानपत्रांत धरणांचा एक छोटा तक्ता येऊ लागतो. पूस, अरुणावती, बेंबळा अशी नावं, त्यापुढे आजची पातळी, उपयुक्त साठा आणि टक्केवारी. बाभुळगाव तालुक्यातला माणूस बेंबळ्याच्या ओळीवर थांबतो. खडक सावंग्याजवळ बेंबळा नदी अडवली आहे. तिथून पुढे ती वर्धेला मिळते. पूर्ण भरलं तर या धरणात 183.94 दशलक्ष घनमीटर, म्हणजे 183.94 दलघमी उपयुक्त पाणी मावतं, असं तो तक्ता सांगतो. कालव्याला पाणी कधी सुटणार, रब्बीत हरभरा घ्यायचा की गहू, यवतमाळ शहराच्या नळांना उन्हाळा निभेल का, हे सगळं या एका आकड्यावर ठरतं.

हा आकडा थेट मोजलेला नसतो. धरणावर मोजली जाते ती फक्त पाण्याची पातळी. मोजपट्टीवर पाणी कुठे टेकलं आहे ते वाचायचं, मग क्षमतेच्या तक्त्यात त्या पातळीसमोर जो साठा लिहिलेला असेल तो उतरवून घ्यायचा. तो तक्ता तयार होतो पाणी अडवण्याआधी. बुडीत क्षेत्राची कोरडी जमीन मोजून, समोच्च रेषा काढून, खोलगटात किती पाणी राहील याचा हिशेब केलेला असतो. म्हणजे आज छापलेला आकडा उभा असतो तो पाणी येण्याआधीच्या जमिनीवर. पाणी आल्यापासून त्या जमिनीवर दर पावसाळ्यात गाळाचा थर बसतो. मोजपट्टीला तो कळत नाही. पातळी तीच दिसते, पाणी मात्र कमी झालेलं असतं.

बेंबळ्याचं पाणलोट क्षेत्र म्हणजे काळ्या मातीचा मुलूख. कपाशीच्या ओळींतून जूनच्या पहिल्या जोरदार पावसात वाहून जाणारं पाणी पाहिलेल्या कुणालाही त्या पाण्याचा रंग सांगावा लागत नाही. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. तेच तिला उन्हाळ्यात भेगा पाडतं आणि पावसात फुगवतं. त्याचा कण दोन मायक्रॉनहून बारीक. शांत पाण्यात दोन मायक्रॉनचा सुटा कण दिवसाला तीस-चाळीस सेंटिमीटर खाली जातो. दहा मीटर पाणी उतरायला त्याला महिना लागतो. कण एकमेकांना चिकटले तर लवकर. असा हा गाळ सावकाश उतरतो आणि उतरल्यावरही बराच काळ घट्ट बसत नाही. तो नक्की कुठे सुरू होतो, हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. त्याचं उत्तर शोधायला माणसाला फार मोठा फेरा घ्यावा लागला, आणि त्या फेऱ्याचं शेवटचं वळण आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या गोड्या पाण्यावर आलेलं आहे.

सुरुवात हातानेच झाली. विदर्भातल्या तळ्यांवर डोंगा चालवणारे ढिवर आणि भोई बांबूने तळ चाचपतात. बांबू कातळावर आपटला तर हाताला झटका बसतो, वाळूत करकरतो आणि गाळात मुकाट रुततो. हाताला जे कळतं त्यात खोली आणि तळाचा प्रकार या दोन्ही गोष्टी एकदम असतात. समुद्रावरच्या खलाशांनी हेच दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाने साधलं. वजनाच्या बुडाला खळगा ठेवून त्यात चरबी भरायची. वर ओढल्यावर चरबीला वाळू, शिंपले किंवा चिखल चिकटून यायचा आणि नकाशावर खोलीशेजारी तळाचं नावही लिहिलं जायचं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटसने इजिप्तच्या किनाऱ्याबद्दल लिहिलं आहे की जमीन अजून एका दिवसाच्या वाटेवर असतानाच दोरी सोडली तर अकरा वाव खोलीवरून चिखल वर येतो. नाईलने वाहून आणलेल्या गाळाची ती मोजणी होती. जमीन नदीने घडवली आहे हे त्याला दोरीच्या टोकाला लागलेल्या चिखलावरून कळलं. खोली मोजण्याच्या या विद्येत गाळ पहिल्यापासून होता, तो नंतर कुणी आणून घातला नाही.

पण दोरीला मऊ गाळात मर्यादा येते. वजन टेकलं असं वाटतं तेव्हा ते खरं तर गाळात वीत-दोन वीत शिरलेलं असतं. हलकं वजन वर थांबतं, जड वजन खाली जातं. दोघांनीही खोली बरोबरच मोजलेली असते, फक्त दोन वेगळ्या गोष्टींची. पुढे आवाजानेही हीच अडचण उभी केली.

आवाज पाण्यात किती वेगाने जातो हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते समुद्रात नव्हे, गोड्या पाण्याच्या तलावात. जिनिव्हाच्या तलावावर 1826 च्या नोव्हेंबरमध्ये ज्यां-दानिएल कोलादों आणि शार्ल स्तुर्म यांनी रात्री दोन नावा साडेतेरा किलोमीटर अंतरावर उभ्या केल्या. एका नावेखाली पाण्यात घंटा टांगलेली. हातोडा घंटेवर पडला की त्याच क्षणी वर दारू पेटून उजेड व्हायचा. दुसऱ्या नावेत कोलादों पाण्यात बुडवलेल्या लांब नळीला कान लावून बसलेला. उजेड दिसला की घड्याळ सुरू, आवाज ऐकू आला की बंद. आठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात त्यांना वेग मिळाला सेकंदाला 1,435 मीटर. आजच्या उपकरणांनी मोजलेला आकडा त्याच्या अगदी जवळ आहे. एका कानाने आणि एका घड्याळाने केलेलं हे काम मला विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या कामांपैकी एक वाटतं.

त्याच तलावावर पुढे फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल याने सरोवरशास्त्र या विषयाचाच पाया घातला. ऱ्होन नदीचं गढूळ आणि थंड पाणी तलावात शिरलं की ते वर पसरत नाही, जड असल्याने तळालगत धावतं आणि तळात घळ कोरतं, हे त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं. धरण बांधणाऱ्यांना ही गोष्ट पुढे फार जड जाणार होती.

वेग माहीत झाला तरी प्रतिध्वनीवरून खोली काढायला आणखी नव्वद वर्षं लागली. कारण क्षणभराचा काळ मोजायचा कसा, हा प्रश्न होता. दहा मीटर पाण्यात आवाज खाली जाऊन परत यायला सेकंदाचा साधारण पंच्याहत्तरावा भागच लागतो. कामाला घाई आली ती 1912 च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाल्यावर. हिमनग आधी कळावा म्हणून अनेकांनी आवाजाकडे मोर्चा वळवला. किएलच्या अलेक्झांडर बेमने 1913 मध्ये प्रतिध्वनीने खोली मोजण्याचं पेटंट घेतलं. अमेरिकेत रेजिनाल्ड फेसेंडेनने 1914 च्या एप्रिलमध्ये ‘मायामी’ जहाजावरून सुमारे दोन मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी पकडला, आणि त्याच वेळी समुद्रतळाचाही. पाठोपाठ महायुद्ध आलं आणि हिमनगाची जागा पाणबुडीने घेतली. पियर क्युरीचा विद्यार्थी पॉल लांजव्हॅं याने क्युरी बंधूंनी 1880 मध्ये शोधलेला स्फटिकाचा गुण वापरला. क्वार्ट्झला विजेचा दाब दिला की तो थरथरतो आणि थरथरवला की वीज देतो. पोलादी पत्र्यांमध्ये क्वार्ट्झच्या चकत्या बसवून त्याने कानाला ऐकू न येणारा, एका दिशेला जाणारा आवाज पाण्यात सोडला. आज धरणावर नावेच्या कडेला टांगलेल्या मुठीएवढ्या प्रक्षेपकात तीच युक्ती चालते. फक्त क्वार्ट्झच्या जागी कृत्रिम सिरॅमिक आलं आहे.

युद्ध संपल्यावर ‘मेटिऑर’ या जर्मन जहाजाने 1925 ते 1927 या काळात दक्षिण अटलांटिकमध्ये साठ हजारांहून अधिक ठिकाणी आवाजाने खोली मोजली. दोरीने एकेका खोल ठिकाणाला तासन्‌तास लागत. मग कागदाच्या गुंडाळीवर तळाची सलग रेघ उमटवणारी यंत्रं आली. या गुंडाळ्यांवर मऊ तळाच्या बंदरांत आणि खाड्यांत मधूनच एक विचित्र गोष्ट दिसायची. तळाच्या रेघेखाली दुसरी, फिकट रेघ. खोली विचारणाऱ्याला ती नकोशी होती. पण आवाज मऊ गाळाच्या माथ्यावरून थोडा परततो आणि उरलेला आत शिरून खालच्या घट्ट थरावरून परततो, हे लक्षात आल्यावर त्याच रेघेसाठी यंत्रं बनू लागली. वेगवान छायाचित्रणासाठी प्रसिद्ध असलेल्या एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टनने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कमी कंप्रतेचे स्पंद सोडणारी उपकरणं तयार केली आणि गाळाखाली गाडल्या गेलेल्या वस्तू शोधायला ती वापरली.

इथे थोडं थांबून हे का घडतं ते पाहिलं पाहिजे, कारण बेंबळ्यासारख्या तलावात सगळं याच्यावर अवलंबून आहे. एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात जाताना आवाज किती परततो हे दोघांच्या घनतेच्या आणि ध्वनिवेगाच्या गुणाकारांतल्या फरकावर ठरतं. विदर्भाचा पाया बेसाल्टचा. पाण्याच्या पावणेतीन-तीन पट जड आणि आवाज त्यातून सेकंदाला पाच हजार मीटरच्या आसपास धावतो. म्हणून पाण्यातून बेसाल्टवर गेलेल्या आवाजाच्या दाबाचा ढोबळमानाने ऐंशी टक्के भाग परत येतो. ताज्या गाळाची घनता पाण्याहून थोडीशीच जास्त आणि वेग जवळजवळ पाण्याइतकाच, कधी किंचित कमीही. तिथून बारा-तेरा टक्केच परततो. आवाजाला कातळ ठळक दिसतो आणि गाळ जवळजवळ पारदर्शक. बांबूने हाताला जे सांगितलं तेच हे, फक्त आता ते आकड्यात मांडता येतं.

धरणांच्या कामी हे सगळं आलं ते आणखी एका धक्क्यामुळे. धरणाचा आराखडा करताना गाळासाठी तळाशी जागा सोडलेली असते. तिला मृत साठा म्हणतात. गाळ येईल, सर्वांत खाली जाऊन बसेल, ती जागा भरायला शंभर वर्षं लागतील आणि वरचा उपयुक्त साठा शाबूत राहील, असा हिशेब. अमेरिकेत हूव्हर धरणामागच्या मीड सरोवराची गाळमोजणी 1948-49 मध्ये झाली आणि तिथलं चित्र वेगळं निघालं. जाड वाळू नदी जिथे तलावात शिरते तिथेच, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या हद्दीत थबकून त्रिभुज प्रदेश करत होती. बारीक चिकणमाती मात्र फोरेलने सांगितल्याप्रमाणे तळालगतच्या प्रवाहाने लांबवर वाहून थेट भिंतीपाशी पोचली होती. गाळ आराखड्याने नेमून दिलेल्या जागी बसत नाही, तो दोन्ही टोकांनी येतो.

आपल्याकडचं उदाहरण जास्त बोचरं आहे. निजामसागर धरण 1931 मध्ये पुरं झालं. ते मांजरा नदीवर. ही नदी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि मराठवाड्याची काळी माती घेऊन खाली उतरते. आराखड्यात धरलेल्या गाळापेक्षा कितीतरी पट गाळ आला आणि चार-पाच दशकांत निजामसागरची निम्म्याहून अधिक क्षमता गेली. शेत मराठवाड्याचं आणि धरण तेलंगणाचं, मधे माती वाहून नेणारी नदी. हा हिशेब कुणी एकत्र मांडलेला मला आवडेल.

अभियंते अयोध्यानाथ खोसला यांनी 1953 मध्ये जलाशयांच्या गाळावर जे काम प्रसिद्ध केलं त्यात वर्षाला शंभर चौरस मैल पाणलोटामागे 75 एकर-फूट गाळ, असा दर पुढे आला. देशातल्या अनेक धरणांचे आराखडे या दराच्या भरवशावर झाले. प्रत्यक्ष मोजणी सुरू झाल्यावर बऱ्याच जलाशयांत दर त्याहून पुष्कळ अधिक निघाला. केंद्रीय सिंचन व ऊर्जा मंडळाने 1958 पासून जलाशयांच्या गाळमोजणीची समन्वित योजना हाती घेतली. महाराष्ट्राला या कामाची दोन घरं लाभली. मुंबई इलाख्याने 1916 मध्ये हडपसरला सुरू केलेला सिंचन संशोधनाचा कक्ष 1925 मध्ये खडकवासल्याला गेला आणि 1936 मध्ये केंद्राकडे आला. तीच आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा. दुसरं घर नाशिकचं, 1959 मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. पाटबंधाऱ्यांतली माणसं तिला नुसतं ‘मेरी’ म्हणतात.

त्या काळच्या मोजणीत खोलीपेक्षा मोठी पंचाईत जागेची होती. यंत्राने खोली सांगितली, पण नाव आत्ता नक्की कुठे आहे? दोन्ही काठांवर खांब रोवून त्यांच्यामधली रेघ धरून नाव चालवायची, काठावरून थिओडोलाइटने कोन घ्यायचे, झेंडी दाखवली की खोलीच्या कागदावर खूण करायची. वारा आला की नाव रेघ सोडायची. मोठ्या जलाशयाला महिने लागत आणि म्हणून मोजणी पंधरा-वीस वर्षांनी एकदा झाली तर झाली. उपग्रहांवरून जागा कळू लागली आणि हा सगळा खटाटोप संपला. अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक मे 2000 मध्ये काढून टाकली. आता नावेची जागा काही सेंटिमीटरांपर्यंत कळते आणि ती दर सेकंदाला खोलीसोबत आपोआप नोंदली जाते.

उपग्रहाने दुसरीही एक वाट दिली आणि ‘मेरी’ने ती बरीच वापरली. पाणी जसजसं उतरतं तसतसं त्याचं पसरलेलं क्षेत्र आकाशातून टिपायचं. त्या दिवसाची पातळी धरणावर लिहिलेली असतेच. दोन पातळ्यांमधली दोन क्षेत्रं कळली की मधलं आकारमान काढता येतं. जुन्या तक्त्यातून ते वजा केलं की त्या पट्ट्यातला गाळ हाती येतो. पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. पण पाणी जिथवर उतरतं तिथवरच ती चालते. सर्वांत खालचा भाग कधी उघडाच पडत नाही. म्हणजे मृत साठ्यात काय आहे ते उपग्रहाला दिसत नाही. आणि दुष्काळात नेमका तोच साठा कामी येतो. जायकवाडीचा मृत साठा आराखड्यात 738 दलघमी, आणि कोरड्या सालात छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीच्या औरंगाबादची) तहान भागवायला त्यातूनही पाणी उपसायची वेळ आलेली आहे. त्या 738 मध्ये आज पाणी किती आणि चिखल किती, हे सांगायला आवाजावाचून गत्यंतर नाही.

इथवरची सगळी विद्या थंड प्रदेशात आणि बहुतेक समुद्रासाठी घडली. उष्ण कटिबंधातल्या गोड्या तलावांवर ती आली तेव्हा तिने एक थक्क करणारं काम केलं. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराच्या गाळात थॉमस जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाज सोडला. सरोवर प्रचंड पसरलेलं, पण जेमतेम ऐंशी मीटर खोल. मऊ गाळाच्या काही मीटर खाली सरोवरभर एक ठळक कठीण थर मिळाला. गाळाचे गाभे, म्हणजे उभे नमुने, काढून पाहिल्यावर अर्थ लागला की हा एके काळी उन्हात सुकलेला तळ आहे. 1996 मध्ये त्यांनी मांडलं की सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी व्हिक्टोरिया सरोवर पूर्ण आटलेलं होतं. तसं असेल तर तिथल्या सिक्लिड माशांच्या शेकडो जाती त्यानंतरच्याच काळात घडल्या असणार. जनुकशास्त्रज्ञांनी यावर पुढे बराच वाद घातला, पण सुकलेल्या तळाची ती रेघ कुणाला पुसता आली नाही. आपल्या विदर्भातल्याच बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचं पाणी मात्र खारं. तिथल्या सुमारे दहा मीटर लांबीच्या गाभ्यातून गेल्या अकरा हजार वर्षांतल्या मोसमी पावसाचा चढउतार वाचला गेला आहे. गाळ ही तलावाची वही आहे, आणि आवाज ती न उघडता तिची पानं चाळू देतो.

मात्र उष्ण पाण्यात ही पानं पुष्कळदा चिकटलेली असतात, आणि चिकटवणारी गोष्ट म्हणजे वायू. बुडीत क्षेत्रातली झाडंझुडपं, पिकांची धसकटं, पुराबरोबर आलेला पालापाचोळा गाळात गाडला जातो. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचा मिथेन करतात आणि तळ जितका ऊबदार तितका हा उद्योग जोरात. युरोपातल्या खोल तलावाचा तळ चार-पाच अंशांवर असतो, आपल्याकडचा वीस-पंचवीसच्या पुढे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वरचा दाब कमी होतो, बुडबुडे फुगतात आणि वर येऊ लागतात. मे महिन्यात उथळ पाण्यावर नाव घेऊन गेलेल्या कुणालाही ते दिसतील. आवाजाची या बुडबुड्यांपुढे दाणादाण उडते. ए. बी. वुड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1930 मध्येच दाखवलं होतं की पाण्यात आकारमानाने एक टक्का हवेचे बुडबुडे मिसळले तर ध्वनिवेग 1,500 वरून सेकंदाला सुमारे 120 मीटरवर कोसळतो. प्रत्येक बुडबुड्याला स्वतःचा एक सूरही असतो. हॉलंडच्या मिनार्टने 1933 मध्ये त्याचं गणित केलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण सव्वातीन किलोहर्ट्झला घुमतो. गाळात खोलवर शिरणारा आवाज याच पट्ट्यातला. त्यामुळे तो बुडबुड्यांतच खर्ची पडतो आणि कागदावर थरांऐवजी एक काळा पडदा उतरतो.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांना हा पडदा पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रगाळात भेटला. करिसिद्धय्या आणि वीरय्या यांनी 1994 मध्ये त्यातल्या मिथेनबद्दल लिहिलं आणि पडद्यालाच माहिती मानलं. मिथेन हा तापमानवाढ करणारा वायू. जिथे आवाज अडतो तिथे तो साठलेला आहे. धरणांच्या बाबतीतही मला हीच दृष्टी हवी आहे. गाळाची जाडी मोजायला गेलेली नाव पडदा दिसला म्हणून तो भाग सोडून परतली, तर तलाव किती मिथेन सोडतो याचा हाती आलेला पुरावा आपण टाकून दिला.

तपमानाची दुसरी खोच शांत असते, म्हणून अधिक धोक्याची. गोड्या पाण्यात वीस अंशांना ध्वनिवेग सेकंदाला 1,482 मीटर आणि तीस अंशांना 1,509. पुष्कळ यंत्रं समुद्राच्या हिशेबाने 1,500 वर बसवलेली येतात. हिवाळ्यात वीस अंशांच्या पाण्यावर तसंच काम केलं तर दहा मीटरला बारा सेंटिमीटर चूक. बारा सेंटिमीटर म्हणजे काही फार नाही असं वाटेल. पण दहा चौरस किलोमीटर पसरलेल्या पाण्यावर ती चूक बारा लाख घनमीटर होते, म्हणजे 1.2 दलघमी. नसलेलं पाणी तक्त्यात येतं. ही चूक टाळायचा उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. ठरावीक खोलीवर लोखंडी पाटी सोडायची, यंत्र ती किती खोल सांगतं ते पाहायचं आणि त्यावरून वेग दुरुस्त करायचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

आणि मग तो जुना प्रश्न, शिशाच्या वजनाचा. 200 किलोहर्ट्झचा आवाज काळ्या मातीच्या ताज्या, दह्यासारख्या थराच्या माथ्यावरूनच परततो. 24 किंवा 33 किलोहर्ट्झचा त्यातून आरपार जाऊन खालचा घट्ट तळ दाखवतो. आज मोजणीच्या नावेवर दोन्ही एकदम चालवता येतात. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे न बसलेला गाळ. तो पाण्यात धरायचा की तळात? सांडव्यातून तो वाहून जाऊ शकतो, पुढच्या पुरात ढवळला जाऊ शकतो किंवा वर आणखी थर पडून दाबला जाऊ शकतो. म्हणून क्षमतेचा तक्ता दोन्ही रेघांनी करावा आणि दोन्ही आकडे छापावेत, असं माझं मत आहे. एकच आकडा दिला तर कुणीतरी मधला निर्णय घेतलेला असतो आणि तो कागदावर कुठेच दिसत नाही.

उष्ण कटिबंधातल्या उथळ पाण्याला परदेशातलं तयार तंत्र जसंच्या तसं लागू पडत नाही, ही गोष्ट पुण्यातल्या मेरिटाइम रिसर्च सेंटरचे डॉ. अर्णब दास सातत्याने मांडत आले आहेत. ते नौदलातून निवृत्त झालेले. पाणबुडी ऐकण्यासाठी वाढलेली विद्या धरणाच्या गाळाकडे वळवणं त्यांच्या मांडणीत येतं आणि मला ते योग्य वाटतं.

बाभुळगावाकडे परत यायचं तर इथे आणखी एक गोष्ट घडते जी थंड प्रदेशातल्या तलावांत सहसा घडत नाही. आपल्या धरणांचं पाणी दरवर्षी फार खाली उतरतं. उघड्या पडलेल्या पट्ट्यात गाळपेर होते. पाणी मागे हटेल तसतसा ओलाव्यावर हरभरा, गहू, टरबूज घेतात. ही जमीन नांगरली जाते, मे महिन्यात सुकते, तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पुन्हा बुडते. सुकून घट्ट झालेला गाळ पुन्हा ओला झाला तरी पहिल्यासारखा मऊ होत नाही. व्हिक्टोरिया सरोवरात जी कठीण रेघ मिळाली तिची ही छोटी, दरवर्षी उमटणारी बहीण. एकेका वर्षाचा दोन-चार सेंटिमीटरचा थर आवाजाला वेगळा दिसणार नाही. कमी कंप्रतेला तेवढी बारीक नजर नसते. पण लागोपाठच्या कोरड्या सालांत तलाव खोलवर आटला असेल, तर त्या पातळीपर्यंतचा गाळ खालच्यापेक्षा जास्त आवाज परत फेकेल आणि दुष्काळाची खूण तळात वाचता येईल.

गाळ उपसण्याचंही एक पान या मागोव्यात आहे. राज्य सरकारने 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली आणि छोट्या तलावांतली सुपीक माती पुन्हा शेतांत गेली. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांचा गाळ शेतात नेण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. छोट्या तलावाला हे शोभतं. मोठ्या धरणाचं माप वेगळं आहे. बेंबळ्याच्या उपयुक्त साठ्याचा फक्त एक टक्का गाळाने भरला असं धरलं तरी ते 1.84 दलघमी, म्हणजे पाच घनमीटरच्या टिप्परच्या साडेतीन लाखांहून अधिक खेपा. त्यामुळे कुठला गाळ काढायचा, कालव्याच्या तोंडाजवळचा की वरच्या टोकाचा, हे आधी कळायला हवं. आणि वरच्या शेतांच्या बांधांवर तेवढाच पैसा घातला तर किती गाळ मुळातच येणार नाही, हेही त्याच मोजणीतून निघेल. कारण मोजणी दोनदा झाली की गाळ येण्याचा वेग कळतो.

बेंबळ्यासारख्या धरणाची मोजणी करायची तर ती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, जलाशय काठोकाठ असताना. तेव्हा नाव काठापर्यंत जाते आणि वरचा दाब जास्त असल्याने बुडबुडेही दबलेले असतात. मे महिन्यात उघड्या पट्ट्याची मोजणी पायी करून ती पाण्यातल्या मोजणीला जोडायची. काही ठिकाणी गाभे काढून गाळाची खरी घनता पाहायची, म्हणजे रेघांना अर्थ येतो. पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी प्रवाह मोजणारं डॉप्लर यंत्र ठेवलं तर पाण्यात तरंगणारा गाळही आवाजाच्या परतण्यावरून अंदाजता येतो. तळाची पुढली मोजणी त्याच रेघांवरून, त्याच दोन कंप्रतांनी, पाच-सात वर्षांत. आणि या सगळ्याची मूळ नोंद, दुरुस्त केलेली खोलीच नव्हे तर परत आलेला पूर्ण आवाज, पडद्यासकट आणि फिकट रेघांसकट, ‘मेरी’त किंवा खडकवासल्यात कुणालाही मागता येईल अशी ठेवायची. बंदरांतल्या त्या जुन्या गुंडाळ्यांवरची दुसरी रेघ कुणी दोष म्हणून कापून टाकली असती, तर गाळाच्या आत डोकावायची वाट सापडायला आणखी किती वर्षं गेली असती!